बेलिफचाचांनी सोडलेलं घर

"झावळीला लोंबू नको, बाय. बुंधा धर."

असं म्हणताना चाचा बोटांची पेरं माझ्या टेबलावर दोनदा वाजवायचे. कुणी येऊन म्हणालं, "शरियतमध्ये असं हाय ना, चाचा?" की टक टक. कुणी म्हणालं, "कायदाच तसा आहे," तरी टक टक. कुठं लिहिलंय, कुणी लिहिलंय, कशासाठी लिहिलंय, तिथून सुरुवात करायची. ऐकीव बोलणाऱ्याची ते अशी उलटतपासणी घ्यायचे की माणूस अर्धा चहा टाकून उठायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेल. असला तर त्याच्यापुढे जपून बोला.

ते कोर्टाचे निवृत्त बेलिफ. सगळं गाव त्यांना बेलिफचाचा म्हणायचं, मी नुसतं चाचा. कोर्टाची पायरी न चढलेल्यांसाठी सांगते, न्यायाधीश निकाल देतात आणि जेवायला जातात. निकालाप्रमाणे घर खाली करून ज्याचं त्याच्या हवाली करायचं, ते बेलिफाने. छातीवर बिल्ला, हातात कब्जा वॉरंट, बरोबर दोन पंच, आणि लोकांच्या शिव्या खात त्यांचीच भांडीकुंडी बाहेर काढायची. चाचांनी हे काम आधी उरणला केलं, मग पालीला, आणि शेवटी आमच्या या किनाऱ्यावरच्या तालुक्याच्या गावी.

मी सनद घेऊन ऑफिस थाटलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते येऊन बसले. "कब्जा म्हणजे काय गो?" मी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "चुकलं. शेवटचं भांडं बाहेर येतं, तेव्हा कब्जा."

त्यामागे एक पत्र्याची पेटी होती. पालीकडे एका घराचा कब्जा देताना ती माळ्यावर राहून गेली. पंचनाम्यावर सह्या झाल्या, कुलूप लागलं, आणि दुसऱ्या दिवशी घरवाला कोर्टात हजर. माझी पेटी आत आहे, म्हणजे मी घर सोडलेलंच नाही! "सहा वर्षं चालली गो ती पेटी," चाचा सांगायचे आणि स्वतःलाच हसायचे. तेव्हापासून ते माळा, न्हाणी, पडवी स्वतः फिरून बघत.

दुसऱ्या एका घरी चुलीवर भात रटरटत होता. निकाल जिंकलेला माणूस घाई करत होता, पोलीस घड्याळ बघत होता. चाचा उंबऱ्यावर बसले. "वॉरंटात वार लिहिलाय, तास न्हाय," म्हणाले. भात शिजला, त्या बाईने पोरांना वाढला, पोरं जेवली, मग पातेलं बाहेर आलं. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्या दिवशीच्या पंचाने सांगितलं.

मी मिठागरवाल्याची लेक, आगरी, तोंडाने फटकळ. आमचं पटलं ते भांडणावर. माझं ऑफिस कोर्टासमोरच्या गल्लीत, त्यांचं घर तिथून चौथं. सकाळी ते माझा पेपर माझ्याआधी वाचायचे. शुक्रवारी नमाजनंतर मशिदीच्या ओसरीवर लोक त्यांना वारसाहक्काचं विचारत, आणि ते बोटांवर वाटे मोजून देत. बायकोला किती, मुलीला किती, भाऊ कधी येतो, कधी येत नाही. एकही वाटा चुकायचा नाही.

एकदा टीव्हीवर कायद्यावरून दोन माणसं एकमेकांवर ओरडत होती. चाचांनी माझा टीव्ही बंद केला. "दोघंही झावळीला लोंबतायत. आमचे चार खांब तुला ठाऊक हायत?"

"कुराण, सुन्नत, इज्मा, कियास." मी म्हटलं. मुस्लिम कायद्याच्या पेपरला पाठ केलं होतं. कुराण, मग पैगंबरांची वागणूक आणि वचनं, मग जाणकारांचं एकमत, मग जे लिहिलंय त्यावरून न लिहिलेल्याचा लावलेला अंदाज.

"तुझे सांग."

"राज्यघटना. विधिमंडळाचे कायदे. वरच्या कोर्टांचे निवाडे. आणि रूढी."

"फरक काय?"

"सोपं आहे. तुमचं बदलत नाही, आमचं बदलतं."

टक टक. "अर्धंच बरोबर. खालचे खांब दोन्हीकडं माणसांच्या हातातले. वरचं आमचं बदलत न्हाय, कबूल. तुमच्या घटनेला दुरुस्ती होते. पण मूळ चौकटीला हात लावायचा न्हाय असं तुमचंच मोठं कोर्ट म्हणतं ना? म्हणजे न बदलणारं तुमच्याकडंपण हाय काहीतरी." मग जरा थांबून म्हणाले, "खरा फरक शेवटाला हाय. तुमच्या कायद्याच्या शेवटाला बेलिफ येतो. मी गेलोय ना घरोघरी. दीनच्या, म्हणजे धर्माच्या, शेवटाला कुणी येत न्हाय. माणूस एकटा बसतो आणि त्याला विचारतात, हे तू कशासाठी केलंस?"

मला हरायची सवय नाही. मी म्हटलं, "ते राहू द्या. आमच्याकडे मेलेल्या मुलाच्या पोरांना आजोबाच्या इस्टेटीत बापाचा वाटा मिळतो. तुमच्याकडे? दुसरा मुलगा जिवंत असला तर नातवंडं रस्त्यावर!"

"आणि तुमच्याकडं कायद्यानं पोरींना वाटा दिला," चाचा शांतपणे म्हणाले, "त्याचं तू काय केलंस?"

 भावांसाठी हक्कसोडपत्रावर मी सही केली होती. वकील असून. मसुदाही मीच लिहिला होता. आणि गावभर सगळ्या आगरी बायका तेच करतात, मुसलमान बहिणीही भावांना तेच लिहून देतात, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. त्या दिवशी चहा मीच मागवला.

पण मी बोलले ते त्यांना लागलं होतं. कारण ते त्यांच्याच घरातलं होतं.

चाचांना दोन मुलगे. मोठा मुश्ताक पनवेलला, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. धाकटा आखातात नोकरीला होता, तिथेच छातीत कळ येऊन गेला. त्याची बायको रुखसाना आणि मुलगी सना चाचांबरोबर राहत. सना नर्सिंगला, एकोणीस पुरी झालेली. चाचांची बायको आधीच गेलेली. म्हणजे चाचांनी डोळे मिटले की शरियतप्रमाणे घर मुश्ताकचं. सनाला शून्य. हे चाचांनी स्वतः ओसरीवर पन्नास वेळा सांगितलेलं, त्यात खोट काढायची कुणाची छाती नव्हती.

खाडीवर नवा पूल झाला आणि आमच्या गल्लीतल्या जागांकडे बिल्डर माना वळवून बघायला लागले. मुश्ताक दोनदा एका बिल्डरला घेऊन आला. घर बाहेरून दाखवलं, विहीर दाखवली. रुखसानाने दोघांना सरबत दिलं. माणसं गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि दारातच उभी राहिली. "वकीलताई, आमी कुटं जावाचा?"

मी चाचांना धरलं. "मृत्युपत्र करा."

"वसियत एक तृतीयांशाचीच करता येते. घराचा एक तृतीयांश काय करेल पोर? न्हाणीत राहील?"

"मग हिबा करा." हिबा म्हणजे हयातीतच दिलेलं बक्षीस. ते सगळ्याचं करता येतं, कुणालाही करता येतं.

ते टाळत राहिले. मला राग यायचा. एकदा मी ओरडलेच, "गावाला अक्कल शिकवता, आणि स्वतःच्या नातीच्या वेळी बोटं मोजता?" त्यांनी चष्मा काढला. "बाय, हिबाला कागद लागत न्हाय. नियत लागते. मुश्ताकला डावलायला दिलं तर गुन्हेगार मी. बाप नसलेल्या पोरीला छप्पर म्हणून दिलं तर न्हाय. आता माझ्या मनात काय हाय, ते मलाच नीट दिसत न्हाय. बिल्डरला घेऊन आला तेव्हापासून मला त्याचा राग हाय. रागात दिलेलं कसलं बक्षीस?"

 मी आपली फाइल उघडून बसले.

मग एका सकाळी पेपर वाचता वाचताच त्यांना दरदरून घाम फुटला. अलिबागला नेलं. चार दिवसांनी परत आले ते काठी घेऊन. आता मला झोप येईना. मरणपंथाला लागलेल्या माणसाने केलेला हिबासुद्धा एक तृतीयांशापुरताच चालतो. आणखी एक झटका आणि मुश्ताकचा वकील म्हणणार, म्हातारा मरायलाच टेकला होता. डॉक्टरांनी मात्र प्रकृती ठीक असल्याचं लिहून दिलं. चाचा महिनाभर मुश्ताकच्या घरी जाऊन राहिले, तिथून आले आणि म्हणाले, "राग गेला. त्याच्या पोरांनी माझे पाय चेपले. पनवेलची जागा घेताना माझी सगळी ग्रॅच्युइटी त्याला दिलेली, तीही आठवली. त्याला दिलं, आता हिला देतो. लिही."

लिहिलं. आणि इथेच मी माती खाल्ली.

काय झालं सांगते. म्हातारी माणसं बक्षीसपत्र करायला येतात तेव्हा मी माझ्या ठरलेल्या मसुद्यात एक कलम घालते: बक्षीस देणार हयात असेपर्यंत सदर घरात राहील व उपभोग घेईल. एका आजीने मुलाच्या नावे घर केलं आणि सुनेने तिला तिसऱ्या दिवशी बाहेर काढलं, तेव्हापासूनची माझी सवय. हिंदू माणसाच्या बक्षीसपत्रात हे कलम म्हणजे कवच. पण हिब्याचा पायाच तीन गोष्टींवर: मी दिलं असं बोलणं, मी घेतलं असं बोलणं, आणि कब्जा हवाली करणं. त्यात हे कलम म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने धरून ठेवलं!

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेत मी यावर पानभर लिहिलं होतं. पण त्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात सर्व्हर बंद, टोकन हुकलेलं, चाचांना खुर्चीवर बसवत नव्हतं, आणि मी जुना मसुदा उघडून नावं बदलून छापून आणला. चाचा आयुष्यभर कागद वाचल्याशिवाय सही न केलेला माणूस. त्यांनी पान उलटायला घेतलं तर मी म्हटलं, "चाचा, मी आहे ना." त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांत मुश्ताकच्या वकिलाची नोटीस आली. आमचे पक्षकार हे एकमेव वारस असून, सदर लेखातील कलम सातप्रमाणे कब्जा कधीही दिला गेलेला नाही, सबब हिबा निरर्थक. मी उभ्या उभ्या वाचली आणि खाली बसले. 

चाचांना सांगायला मीच गेले. ते पडवीत बसून सुपारी कातरत होते. मी कलम सात वाचून दाखवलं आणि माफी मागितली. खरं सांगते, त्यांनी एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, दोनदा वाचला.

"भलं करायला गेलीस गो," म्हणाले. "मला घरातून कुणी काढू नये म्हणून लिहिलंस."

"चूकदुरुस्ती लेख करू, चाचा. आणि देणारा-घेणारा एकाच घरात राहत असतील तर बाहेर पडायची गरज नाही, असे निवाडे आहेत. मी काढून ठेवलेत."

"दुरुस्ती कर. निवाडेपण लाव. पण निकाल लागेपर्यंत मी असेन का? तेव्हा ही पोर कोर्टात उभी राहील आणि तो वकील विचारेल, आजोबा कुठं झोपायचा? ती खोटं बोलणार न्हाय. मीच शिकवलंय तिला." ते उठले. "कब्जा कसा देतात ते मला नको शिकवू. मी दुसरं काय केलंय जन्मभर?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांनी मशिदीत बांग देणारे बांगी आणि शेजारचा कोळी, असे दोन पंच बोलावले. एखाद्या माणसाने स्वतःच्याच घरावर वॉरंट बजावलेलं तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलं. चाचांनी आपले कपडे, औषधं, चटई, कुराणाची प्रत, दाढीचं सामान बाहेर काढलं. भिंतीवरचा त्यांचा कोर्टातला फोटो काढला. माळ्यावर कोळ्याला चढवलं. "पेटी न्हाय ना वर? नीट बघ." न्हाणीतला त्यांचा तांब्यासुद्धा आला. रुखसाना पदर तोंडात घालून रडत होती. सना रडत नव्हती, ती रागाने लाल झाली होती.

उंबऱ्याबाहेर उभं राहून चाचा मोठ्याने म्हणाले, "हे घर मी सनाला दिलं. कलम सातसकट माझा काही हक्क ठेवला न्हाय. घेतलंस?"

 "मला नको घर," ती म्हणाली. "तुमी आत या."

"सना!" तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. लोकांची भांडी बाहेर काढताना तो वापरत असावेत. "घेतलंस का न्हाय, ते बोल."

"घेतलं," ती म्हणाली. त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि पंचनामा स्वतः लिहिला. अक्षर अजून सरकारी होतं.

तोंडी हिबा या देशाचा कायदाही मानतो. मुसलमानाच्या हिब्याला नोंदणी लागत नाही, असं खुद्द कायद्यातच लिहिलेलं आहे. नोंदणीच्या कागदातली माझी चूक त्यांनी शरियतच्या पायावर उभं राहून निस्तरली, आणि तो पाया देशाच्या कायद्याने आधीच मान्य करून ठेवलेला. त्या वेळी मला हे काही सुचलं नाही. मी त्यांची चटई उचलून माझ्या ऑफिसमागच्या खोलीत नेली. जुन्या फायली होत्या तिथे, वर सिमेंटचे पत्रे.

मला वाटलं, आठवडाभराचा प्रश्न. शास्त्रापुरतं बाहेर राहतील, मग जातील. कायद्याने तेवढं पुष्कळ होतं. पण मुश्ताकने दावा लावला आणि चाचा म्हणाले, "आता तर पाय ठेवत न्हाय." रुखसाना डबा आणायची, दारात बसून खाऊ घालायची. ईदला सनाने हाताला धरून ओढलं तरी गेले नाहीत. चार घरांवर स्वतःचं घर, आणि हा माणूस माझ्या फायलींच्या वासात झोपतोय. माझ्या जिवाला ते रोज खायचं.

मुश्ताक एकदा आला. वाईट माणूस नव्हता तो, ते आधी सांगते. बापाला तसं पत्र्याखाली बघून त्याचा चेहरा उतरला. तरी बोलला. "अब्बा, तुमीच शिकवलंत ना, नातीचा हक्क न्हाय म्हणून? ओसरीवर बसून? मग आता?"

"न्हायच हक्क," चाचा म्हणाले. "म्हणून तर दिलं. हक्क असता तर मला द्यावं कशाला लागलं असतं?"

 मुश्ताक चपला घालून निघून गेला. दावा मात्र मागे घेतला नाही, आणि मी दर तारखेला कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसत राहिले. मी साक्षीदार होणार म्हणून सनाचं काम दुसऱ्या वकिलाकडे दिलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर वादळाची सूचना आली. रेवसची लाँच बंद, बोटी वर ओढलेल्या, शाळा सोडलेल्या. दुपारी एकच्या सुमारास वारा असा सुटला की समोरच्या कोर्टाची कौलं उडताना दिसत होती. मी मागच्या खोलीत धावले. एक पत्रा गेलाच होता, दुसरा फडफडत होता, आणि चाचा कुराण छातीशी धरून भिंतीला टेकलेले. रुखसाना आणि सना वाऱ्याला रेटा देत आल्या. "चला घरी, बाबा! चला!"

आम्ही तिघींनी त्यांना बाहेर काढलं. उजवीकडे चौथं घर सनाचं, दार उघडं. डावीकडे मशीद, मध्ये वाकलेला माड आणि तुटलेली तार. चाचा डावीकडे वळले.

मी त्यांचा सदरा धरला. "अहो, वेड लागलंय का तुम्हाला? मेलात तर मी काय करू? सांगा ना, मी काय करू?"

"पंचनाम्यात लिही, मशिदीच्या वाटेवर मेला," ते ओरडले. "घरात मेला असं लिहायची वेळ आणू नको."

सनाने माझा हात सोडवला, त्यांचा दंड धरला आणि त्यांना मशिदीकडे घेऊन निघाली. आम्ही दोघी मागून. माड पडला तो आम्ही ओसरीवर चढल्यानंतर, रस्त्यावर आडवा. तिथे बसून चाचा थरथरत होते आणि मी त्यांना नाही नाही ते बोलत होते. बांगींनी मला पाणी दिलं.

त्या भिजण्यातून ते नीट उठले नाहीत. खोकला छातीत बसला. अलिबागला नेऊ म्हटलं तर नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. मी पत्रे नवे घातले, पंखा लावला, गादी आणली. बोटांची पेरं वाजवायची ताकद राहिली नव्हती. एकदा मी पायाशी बसून म्हटलं, "चाचा, जा आता घरी. माझं पाप माझ्या डोक्यावर. केस हरली तर हरली."

"तुझं पाप काय गो त्यात," ते म्हणाले. "तू मला घरात ठेवायला बघत होतीस. तेवढं मला ठाऊक हाय." नंतर डोळे मिटून पडून राहिले.

एका पहाटे नमाजनंतर बांगी त्यांना बघायला आले, आणि मग मला फोन केला.

मुश्ताक नऊ वाजेपर्यंत पोचला. बापाच्या पायाशी बसला आणि मूल रडतं तसा रडला. गल्ली माणसांनी भरली. रुखसाना आणि सना पुढे जाऊन घरात तयारी करत होत्या, मी दाराबाहेर पायरीपाशी. गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, घरी घालायची, हे कुणी बोलायचीही गरज नव्हती. पुरुषांनी खाट उचलली. पुढचा दांडा मुश्ताकच्या खांद्यावर. चौथ्या घराशी आले. वाऱ्याने दार लोटलं गेलं होतं, आणि मागून लोक म्हणत होते, "आत घ्या, आत घ्या."

"थांबा," मुश्ताक म्हणाला.

त्याने खांद्यावरचा दांडा दुसऱ्याला दिला. पायऱ्या चढला, चपला काढल्या, आणि दारावर हाताने थाप मारली. सनाने दार अर्धं उघडलं.

"सना," तो म्हणाला, "अब्बांना आत आणू?"

तिला आधी कळलंच नाही.  "विचारता काय, बडेअब्बा? घर त्यांचंच हाय."

 दावा चालू, समोर सगळी जमात उभी, आणि मालकीण स्वतःच्या तोंडाने म्हणतेय, घर आजोबांचंच. याच एका वाक्यासाठी मुश्ताकचा वकील वर्षभर थांबला होता. देवा, मेलेलं माणूस पुढ्यात असताना मी हा विचार करत होते. तिला गप्प करायला मी पुढे सरकलेही.

मुश्ताकने मान हलवली.

"न्हाय, बेटी," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "घर तुझं हाय. म्हणून तर विचारतोय."

सनाने डोळे पुसले. मग तिने दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि म्हणाली, "आणा."